पोरकेपणाची जाण : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई हे नाव उच्चारले की संस्कृतच्या विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, धर्मांतरामुळे वादाच्या भोवऱ्यात सापडलेल्या समाजसेविका आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार अशा चार ओळखी एकदम समोर येतात. त्यांच्या मुळाशी असलेली पाचवी ओळख मात्र सहसा सांगितली जात नाही. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई, वडील आणि थोरली बहीण गमावलेली ती एक पोरकी मुलगी होती. पुढे त्यांनी उभारलेल्या संस्थांत शेकडो बालविधवा आणि हजारांवर दुष्काळग्रस्त मुली वाढल्या. मृत्यूने घर मोडून पडलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काय लागते, महिन्याने काय लागते आणि वर्षानंतरही काय लागत राहते, याचे उत्तर त्या मुलींच्या सांभाळातून त्यांनी जन्मभर शोधले. त्या शोधाच्या दृष्टीने त्यांचे चरित्र पुन्हा पाहिले, तर ते आजच्या घरांच्याही उपयोगी पडणारे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामवंत संस्कृत पंडित. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना समाजाचा रोष सहन करावा लागला आणि त्यांनी रानात आश्रम बांधून अध्यापन चालवले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने ते ठिकाण सोडले. वेताच्या पेटीत घालून, सेवकाच्या डोक्यावरून, त्या तान्ह्या मुलीचा प्रवास सुरू झाला. त्यानंतर तीर्थक्षेत्री पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असाच क्रम राहिला. शाळा नव्हती, शेजार नव्हता, कायमचे घर नव्हते. आईने पहाटेच्या वेळी मांडीवर घेऊन शिकवलेले संस्कृत श्लोक, हेच या मुलीचे घर होते.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसे येईनाशी झाली. साठवलेला पैसा संपला, भांडी विकली गेली. भिक्षा मागणे शास्त्रीबुवांना मान्य नव्हते आणि मोलमजुरीचे शिक्षण मुलांना कधी मिळालेच नव्हते. अखेर रानात जाऊन मरण पत्करावे, असे कुटुंबाने ठरवले. अकरा दिवस त्यांनी पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध व दृष्टी गेलेले वडील त्या हालांतून सावरले नाहीत. त्यांच्यामागून काही आठवड्यांतच आई गेली. तिचा देह स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, एक खांदा भाऊ श्रीनिवासने दिला आणि चौथी जागा मुलीला घ्यावी लागली. उंचीने लहान असल्यामुळे तिला तिरडीचा भार खांद्यावर पेलता येईना, तो तिने डोक्यावर घेतला. काही महिन्यांनी थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

या घटनेचा शोककारी भाग सर्वांना दिसतो. किशोरवयीन मुलाच्या दृष्टीने तीत आणखी एक गोष्ट आहे. घरातील मोठी माणसे गेली की अर्ध्या वयाची मुले एका रात्रीत मोठी होतात, आणि त्यांनी मोठे व्हावे असे सर्वजण गृहीत धरतात. श्रीनिवासने बहिणीची जबाबदारी घेतली, बहिणीने भावाची. दोघांना रडायला उसंत मिळाली नाही. पुढील काही वर्षे ही भावंडे देशभर हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. रमाबाई त्या काळातून निभावल्या, त्यामागे एक कारण स्पष्ट दिसते. त्यांच्याबरोबर असा एक माणूस होता, ज्याने तेच आईवडील पाहिले होते आणि ज्याच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायला प्रस्तावना लागत नव्हती. शोकातल्या मुलांमध्ये भावंडांची ताटातूट होऊ देऊ नये, असे आज या क्षेत्रातील जाणकार आग्रहाने सांगतात. त्याचे महत्त्व या दोघांच्या पायपिटीतून कळते.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कीर्ती आली, पण स्थैर्य आले नाही. ८ मे १८८० रोजी ढाक्यात श्रीनिवासचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांचे मृत्यू पाहिलेल्या रमाबाईंपुढे आता पित्याची आठवणही नसलेल्या मुलीला वाढवण्याचे काम होते.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने मुलीसह इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होणे शक्य झाले नाही. वाँटेज येथील मठात राहत असताना त्यांच्या सोबतिणीने आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर काही काळ त्यांना एकटीने झोपण्याचीही भीती वाटत असे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. पुढचे वर्ष उजाडताच आनंदीबाईंच्या निधनाचीही वार्ता आली.

अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी एक निर्णय घेतला, ज्याची किंमत लहान मनोरमेला मोजावी लागली. व्याख्यानांच्या दौऱ्यात मुलीला सांभाळणे अशक्य झाल्यामुळे तिला इंग्लंडमध्ये मठातील भगिनींकडे परत पाठवण्यात आले. वडिलांची आठवणही नसलेल्या मुलीला आता आईचाही सहवास उरला नाही. रमाबाईंनी तिला पत्रांतून जवळ ठेवले. प्रवासात काय पाहिले, कोण भेटले, कोणते प्राणी दिसले, हे लहान मुलीला कळेल अशा भाषेत त्या लिहीत राहिल्या. मुलीवर कोणते संस्कार व्हावेत यावर त्यांचा मठाशी स्पष्ट मतभेद झाला. मनोरमा हिंदी मुलगी म्हणूनच वाढावी, तिच्या आयुष्याचा निर्णय परक्या अधिकाऱ्यांनी घेऊ नये, असा त्यांचा हट्ट होता. मूल पोरके झाले की त्याच्यावर हक्क सांगणारे अनेक निघतात, हे त्यांनी आपल्या मुलीच्या बाबतीत जवळून अनुभवले.

अमेरिकेतच त्यांनी बालोद्यान पद्धतीचे प्रशिक्षण घेतले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी सांगितलेली ही पद्धत खेळ, गाणे, माती, रंग आणि हातकाम यांतून मुलाला शिकवते. वरकरणी हा शिक्षणाचा विषय आहे. दुःखी मुलांच्या संगोपनात त्याचे मोल वेगळे ठरले. लहान मुलाला दुःख शब्दांत सांगता येत नाही. ते खेळात उतरते, चित्रात उतरते, कधी अकारण भांडणात उतरते. हाताला काम आणि मनाला खेळ देणारी पद्धत त्याला व्यक्त होण्याची वाट देते. रमाबाई परतल्या त्या ही शिदोरी घेऊन.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. त्यासाठीचा निधी बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने उभा केला होता. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. त्या काळच्या बालविधवेचे दुःख दुहेरी होते. पती गेल्याचे दुःख तिला वयामुळे पुरते समजलेलेही नसे. तिचे केस, दागिने, खाणे, खेळ आणि घरातील स्थान मात्र त्याच दिवशी काढून घेतले जाई. वर त्या मृत्यूचा दोष तिच्याच कपाळी मारला जाई. आज बालमानसशास्त्र सांगते की लहान मुले घरातील मृत्यूला स्वतःलाच जबाबदार धरतात. मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, अशी समजूत ती मनात जपतात आणि कोणाला सांगत नाहीत. बालविधवेच्या बाबतीत ही समजूत दूर करण्याऐवजी समाजच ती पक्की करीत होता. शारदा सदनात त्या मुलीला पुन्हा केस वाढवता आले, बागेत जाता आले, हसता आले. पुस्तकी शिक्षणाआधी झालेला हा मोठा उपचार होता.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यात आले. १८९३ मध्ये वाद पेटला. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही विद्यार्थिनी स्वेच्छेने बसतात, हे कळल्यावर संस्थेच्या धर्मनिरपेक्षतेच्या आश्वासनाचा भंग झाल्याची टीका केसरीने केली. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा अधिकार त्यांनी सोडलेला नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, ज्या मुलीला जगात दुसरा आधार नाही, तिच्यासाठी आधार देणाऱ्याचे उघडे दारही आमंत्रणच असते. शंभरावर वर्षांनंतर वाचतानाही या दुसऱ्या युक्तिवादातील तथ्य नाकारता येत नाही. दुःखात असलेले मूल आपल्याला जवळ घेणाऱ्याचे सर्व काही आपलेसे करते. म्हणून आधार देणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी ठरते.

१८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला तेव्हा रमाबाईंना स्वतःचे किशोरपण आठवले. त्या स्वतः दुष्काळी छावण्यांत गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांची जबाबदारी घेण्याचे त्यांनी ठरवले. पुण्यात प्लेग असल्यामुळे नव्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेली शेती होती. तेथेच राहुट्या व छपऱ्या उभारून मुक्ती सदनाची सुरुवात झाली.

मग १८९९ च्या पावसाने गुजरातेत दगा दिला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून गुजरातेत तो छप्पनियो दुष्काळ म्हणून ओळखला जातो. सुरतेजवळचा तापीकाठचा कामरेज त्या काळी बडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. आज मुंबईहून उत्तरेकडे जाणारा महामार्ग तेथेच तापी ओलांडतो. तेथून उत्तरेला जावे तसतशी दुष्काळाची तीव्रता वाढत होती. बडोदे, खेडा, पंचमहाल, अहमदाबाद, काठेवाड असा मोठा टापू त्याने होरपळून काढला. गुरे मेली, मग माणसे मेली, आणि १९०० च्या उन्हाळ्यात छावण्यांत पटकी आली. त्यामुळे सर्वत्र मुले मागे उरली. रमाबाईंच्या सहकारी स्त्रिया गुजरातेत गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावातील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

या मुलींनी आईवडील डोळ्यांदेखत मरताना पाहिले होते. काहींना नातलगांनी सोडून दिले होते, काहींना विकण्याचे प्रयत्न झाले होते. अन्न समोर आले तरी त्यांचा विश्वास बसत नसे. आपल्याला पोसून पुढे विकतील किंवा ठार करतील, अशी भीती त्यांच्या मनात घर करून होती. अनेकींची शरीरे इतकी खंगली होती की शुश्रूषा करूनही त्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या, त्या भांडत, हिसकावत, गप्प बसत. उपकाराची जाण नसलेली मुले म्हणून त्यांना हिणवणे सोपे होते. रमाबाईंना मात्र त्या वागण्यामागची भूक ओळखीची होती.

केडगावची व्यवस्था पाहिली तर शोकातील मुलांच्या सांभाळाचा क्रम तीत दिसतो. आधी अन्न, अंघोळ, औषध आणि झोप. नंतर लहान गटांची रचना. प्रत्येक गटावर देखरेख करणारी एक मोठी स्त्री असे, आणि ती बहुधा स्वतः विधवा किंवा निराधार असे. दोन हजार मुलींच्या संस्थेत एकट्या रमाबाईंना प्रत्येकीची आई होणे शक्य नव्हते. प्रत्येकीला नावाने हाक मारणारे एक माणूस मिळावे, एवढे मात्र करता येण्याजोगे होते. त्यानंतर दिवसाचा ठरलेला क्रम. ठरल्या वेळी घंटा, ठरल्या वेळी जेवण, वर्ग, काम, खेळ. ज्याच्या आयुष्यातील सर्वात मोठी खात्री एका दिवसात नाहीशी झाली, त्या मुलाला उद्या सकाळी काय होणार हे ठाऊक असणे हाच मोठा दिलासा असतो. शेवटी हाताला कसब. विणकाम, शिवण, शेती, गाई, तेलाचा घाणा, छापखाना. बालवर्गात फ्रोबेलची साधने आणि अंध मुलींसाठी ब्रेल लिपीतील शिक्षण. छापखान्यात खिळे जुळवणारी मुलगी आपण कोणाच्या दयेवर जगतो ही भावना हळूहळू मागे टाकत असे.

केडगावची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि दुष्काळातून आलेल्या मुलींची मोठ्या संख्येने धर्मांतरे झाली. त्याच काळात लाला लजपतराय आणि आर्य समाज यांनी हिंदू अनाथांसाठी स्वतंत्र चळवळ उभारली. ती मिशनऱ्यांच्या प्रभावाला उत्तर म्हणूनच होती. मुलांच्या आईवडिलांचा देव, त्यांची गाणी, त्यांचे सण आणि त्यांची भाषा हे त्यांच्या आठवणींचेच भाग असतात. घर बदलले तरी त्या आठवणींना जागा राहावी, ही अपेक्षा रास्त आहे. स्वतःच्या मुलीसाठी मठाशी भांडताना रमाबाईंनी जो आग्रह धरला, तोच केडगावच्या प्रत्येक मुलीच्या वतीने कोणी धरला का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात अनुत्तरित राहतो. त्यांच्या कार्याचा आदर करणाऱ्यांनीही तो टाळू नये. त्याच वेळी हेही खरे की, त्या मुलींपाशी प्रथम पोहोचलेल्या मोजक्या हातांत रमाबाईंचे हात होते.

मनोरमेने परदेशात शिक्षण घेतले, ब्रेल शिकून अंध मुलींना शिकवले, शारदा सदनाची धुरा वाहिली आणि गुलबर्ग्यात मुलींसाठी शाळा काढली. वडिलांची आठवण नसलेली आणि आईच्या संगतीला काही काळ मुकलेली ही मुलगी अखेर आईच्या कार्याची सर्वात जवळची सोबतीण झाली. २४ जुलै १९२१ रोजी तिचे निधन झाले, तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. रमाबाईंनी हे दुःखही अंगावर घेतले. वर्षानुवर्षे चाललेले बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही तेथे सुरू आहे.

आज दुष्काळाने घरे ओस पडत नाहीत. अपघात, कर्करोग, हृदयविकार, आत्महत्या यांनी मात्र मुलांचे आईवडील अकाली जातात. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. नंतर पाहुणे परततात, शाळा सुरू होते आणि मुलाचे दुःख संपले असे सारे समजतात. वास्तविक ते तेथून पुढे सुरू होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे उमगलेलेच नसते. बाबा गावाला गेले, आई झोपली आहे, असे सांगितले तर ते वाट पाहते किंवा झोपायला भिते. त्याला साध्या शब्दांत खरे सांगावे लागते, आणि तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ते क्षणात रडते आणि क्षणात खेळायला पळते. त्यात निष्ठुरपणा नसतो, त्याचे मन एका वेळी तेवढेच पेलू शकते. अंत्यदर्शन घ्यायचे का, हे त्याला आधी काय दिसेल ते सांगून विचारावे. किशोरवयीन मुलगा रडत नाही, चिडतो, खोलीचे दार लावून घेतो, किंवा अचानक शहाण्यासारखा घर चालवू लागतो. आता तूच घरचा कर्ता, हे वाक्य त्याच्या कानी घालण्याचा मोह मोठ्यांनी आवरावा. शाळेत एका शिक्षकाला तरी घडलेले ठाऊक असावे. गेलेल्या माणसाचे नाव घरात घेतले जावे. झोप, भूक आणि अभ्यास महिनोन्‌महिने बिघडलेला राहिला, किंवा मरणाचे विचार बोलण्यात आले, तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

सोळा वर्षांच्या रमेला यांतले फारसे काही मिळाले नव्हते. तिला एक भाऊ मिळाला होता, आणि आईने पाठ करून घेतलेले श्लोक होते. तेवढ्यावर ती उभी राहिली. सर्वच मुले तेवढ्यावर उभी राहतील, असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. म्हणूनच केडगावात त्यांनी घंटा बांधली, चूल पेटवली आणि प्रत्येक गटाला एक मोठी बाई नेमून दिली.